स्लॅबवरची कौलं

जव्हारला लोक थंड हवेसाठी येतात. माझ्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर मात्र एप्रिलच्या दुपारी टेबलावर कोपर टेकवायलाही माणूस कचरायचा. हे मी आज लिहितो आहे. त्या दिवसांत कोणी तोंडावर बोललं असतं, तर मी त्याला जिना दाखवला असता.

इमारत मी स्वतः उभी केली. खाली पत्रे, पाइप आणि विजेच्या सामानाचं माझं दुकान. वर पुढच्या चार खोल्यांत एक सरकारी कार्यालय भाड्याने, मागच्या दोन खोल्यांत मी. आमचं गाव मोखाड्याच्या बाजूला, पोशेऱ्याच्याही पुढे डोंगरात. तिथून मी जव्हारला आलो तो एका दुकानात पत्रे उचलायला. पत्र्याच्या कडेने तळहात कापायचे. दोन वर्षांनी तेच पत्रे मी स्वतः विकायला लागलो आणि पुढे त्या दुकानदाराचं गिऱ्हाईकही माझ्याकडे आलं. भाव करण्यात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. राग येतो तोही लवकर, पण रागाचाही धंद्यात उपयोग होतो. समोरचा घाबरून आकडा सांगून मोकळा होतो.

बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. मुलगा ठाण्याला असतो. रविवारी फोन करतो, तब्येत विचारतो. तब्येत सांगून झाली की आमचं बोलणं संपतं. तेव्हा माझ्या घरातला आवाज म्हणजे ते कार्यालयच होतं. दहाच्या सुमाराला कुलूप निघायचं, खुर्च्या सरकायच्या, पंखे सुरू व्हायचे. टपाल सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. त्या रोज काहीतरी तक्रार घेऊन खाली यायच्या. नळ गळतो, जिन्यातला दिवा गेला, खिडकीची कडी निघाली. मी वर जाऊन आधी भांडायचो, मग दुरुस्त करायचो, मग तिथेच चहा व्हायचा. शनिवार-रविवार मला कधी आवडले नाहीत.

एके दिवशी त्या बाई कागद घेऊन आल्या.

"काका, वाचून दाखवते. रागावू नका."

"मला वाचता येतं."

"येतं, पण तुम्ही अर्ध्यावर फाडता."

परिपत्रक होतं. सरकारी कार्यालयांनी विजेचा वापर कमी करायचा. भाड्याच्या इमारती तपासून त्यांना दर्जा द्यायचा. जिथे नुसती इमारत तापते म्हणून वीज जास्त लागते, तिथला करार पुढे वाढवायचा नाही. गावाबाहेर नवी सरकारी इमारत झाली होती, गच्चीवर सौर पॅनेल, जाड भिंती. जमेल त्या कार्यालयांनी तिकडे जावं, असं शेवटी लिहिलं होतं. आमच्या कराराची मुदत मेअखेर संपत होती.

मी कागद फाडला नाही. पण दिवसभर डोकं तापलेलं होतं. जव्हारमध्ये त्यांना जागा मिळत नव्हती तेव्हा मी माझी राहती खोली रिकामी करून दिली होती. तेव्हा कोणी छताचं तापमान विचारलं नव्हतं.

आठ दिवसांनी जिल्ह्याहून एक इंजिनीयर बाई तपासणीला आल्या. तरुण, चष्मा, पाठीवर पिशवी. पिस्तुलासारखं एक यंत्र त्यांनी छतावर रोखलं, मग भिंतीवर, मग पंख्याच्या पात्यांवर. आकडा लिहून घेतला.

मी म्हटलं, "हे यंत्र सगळीकडे एवढंच दाखवत असेल."

त्यांनी ते माझ्या कपाळावर धरलं. "नाही. तुम्ही तापलाय, पण छताइतके नाही."

टपालवाल्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या. इंजिनीयर बाईंनी सगळे जुने पंखे बदलायला सांगितलं. कमी विजेचे पंखे माझ्याच दुकानात होते, ते मी त्याच आठवड्यात लावले. ट्यूब बदलल्या. पण त्या म्हणाल्या की खरं दुखणं वर आहे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपर्यंत खाली सोडत राहतो. पंखा त्या गरम हवेलाच फिरवतो. स्लॅबवर सावली पाहिजे, आणि सावलीखालून वारा जायला पाहिजे.

"पत्र्याची शेड टाकतो. माल घरचाच आहे."

"पत्राही तापेल, काका. इथे जुनी कौलं मिळतात का कुठे?"

असं म्हणत त्यांनी मागच्या खिडकीतून खाली बघितलं. मागच्या मोकळ्या जागेत कौलांच्या थप्प्या होत्या, शेवाळ धरलेल्या. त्या माझ्याच. गावागावांत पत्रे विकताना मी जुनी कौलं बदल्यात उतरवून घ्यायचो. ने-आण कोण करणार, फुटकी किती निघतील, असं म्हणत भाव पाडायचो, आणि पुढे वसईकडच्या बंगलेवाल्यांना चांगल्या दराने द्यायचो. उरलेली तिथे पडून होती.

"महिन्याभरात करा," बाई म्हणाल्या. "मी पुन्हा मोजीन आणि अहवाल पाठवीन. अहवाल चांगला असेल तर साहेबांना करार वाढवायला कारण मिळेल."

आता कौलं बसवणार कोण? जव्हारच्या बाजारातले कारागीर पत्रे ठोकणारे. त्यांना बोल्ट कळतो, कौल कळत नाही. माझी कौलं दहा-बारा घरांवरून उतरलेली, प्रत्येक घराची एखाद्या बोटाने लहानमोठी. ती निवडून, वाजवून, एकात एक बसवणं हे आमच्या गावच्या माणसांचं काम. पावसाआधी घरं शाकारायची रीत तिथे अजून आहे. आज याच्या घरावर, उद्या त्याच्या घरावर, घरटी एक माणूस चढतो. जुनी कौलं खाली घेतात, पालापाचोळा झाडतात, वासे बघतात आणि परत रचतात. ज्याचं घर, तो सगळ्यांना जेवू घालतो. मी मात्र वीस वर्षांपासून स्लॅबखाली राहत होतो. माझ्या घराला शाकारणी नाही, म्हणून मी कोणाच्या शाकारणीला गेलो नव्हतो.

मी मोटारसायकल काढून गावी गेलो. थोरला चुलतभाऊ अंगणात दोरी वळत बसला होता. त्याला सगळं सांगितलं. परिपत्रक, यंत्र, मुदत. मग मजुरीचा आकडा सांगितला. बाजारभावापेक्षा जास्तच सांगितला होता, कारण घाई होती.

तो हसला. "म्हणजे आमचीच कौलं तुझ्या डोक्यावर."

"दादा, चेष्टा नको. किती जण देतोस?"

"रोज घेऊन कोणी नाय येणार."

"वीटभट्टीवर जाता तेव्हा रोज घेता ना?"

"ते परक्याचं काम. परक्याकडून रोज घ्यावाच." दोरीचा पीळ बघत तो म्हणाला, "तू परका हायस का आमचा हायस, ते आधी ठरव. परका असशील तं नाक्यावर मजूर मिळतील. आमचा असशील तं आमच्या घरांवर चढ, मग आम्ही तुझ्या घरावर चढू."

"किती घरं?"

"कौलारू आता अकराच राहिलीत. बाकीच्यांना तूच पत्रे विकलेस."

"अकरा घरं मला जमायची नाहीत. एक."

"भाजी घ्यायला आलास का? नऊ."

"दोन."

शेवटी तीन घरांवर सौदा ठरला. तिसरं घर झालं की पुढच्या रविवारी सगळे जव्हारला येणार. परतीच्या वाटेवर मी खुश होतो. अकराचे तीन केले होते.

पहिल्या घरावर चढताना भीती वाटली, पण कौलांखालची लाकडी रीप कुठे असते ते पायांना आठवत होतं. सकाळी सातला सुरुवात झाली. कोणी कोणाला काम सांगत नव्हतं, जो तो आपल्या जागी जाऊन बसत होता. मला आढ्याजवळची जागा मिळाली. कौलाखाली विंचू निघाला तेव्हा एक जण म्हणाला, "तुझ्या पत्र्याखाली हाही जगत नसेल." सगळे हसले, मीही हसलो. दुपारी नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि सुक्या बोंबलाची चटणी. वाढणाऱ्या बाईने पुरे का म्हणून विचारलं नाही, वाढत राहिली. जेवून आम्ही सगळे त्याच शाकारलेल्या छपराखाली आडवे झालो. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत पंखा नसताना मला झोप लागली. कितीतरी वर्षांनी मी दहा माणसांच्या मध्ये झोपलो होतो.

दुसऱ्या घरावर माझं वाजलं. एक तिशीचा माणूस आढ्यावर होता. तो म्हणाला, "काका, तुम्ही खाली बसा. कौलं वाजवून द्या. कालपासून तुमचा गुडघा कापतोय."

"तुझ्या बापाला मी कौलं लावायला शिकवलं."

चुलतभाऊ खालून म्हणाला, "त्याच्या बापानं तुला शिकवलं. आढ्यावर बसून खोटं बोलू नये."

लोक एवढे हसले की एकाच्या हातून कौल निसटलं. मी खाली उतरलो. दिवसभर भिंतीशी बसून बोटाच्या सांध्याने एकेक कौल वाजवलं. चांगलं कौल खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. चहाच्या वेळी त्याच माणसाने कप आणून माझ्याजवळ ठेवला. मी तो घेतला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

तिसऱ्या घराचा दिवस गुरुवारचा होता. बुधवारी संध्याकाळी टपालवाल्या बाईंचा फोन आला.

"काका, इंजिनीयर बाई उद्या त्यांच्या साहेबांना घेऊन येतायत. आमचे साहेबही असतील. तुम्ही इथे असलेलं बरं."

मी विचार केला. माझा मुद्दा मांडायला, मुदत वाढवून घ्यायला, घासाघीस करायला मी हजर पाहिजे. पलीकडे गावात मी काय करणार होतो? खाली बसून कौलं वाजवणार होतो. मुलाला फोन केला, एक दिवस गावी जाशील का म्हणून. तो म्हणाला, "बाबा, रजा नाही. माणूस लावा ना एखादा." तेच केलं. साखरशेत गावचा एक जण मला माहीत होता, जन्मभर कौलं चढवलेला, हाताला सफाई असलेला. त्याचा रोज ठरवला आणि माझ्या जागी पाठवला. मला वाटलं, मी सौद्यापेक्षा जास्तच देतो आहे. म्हाताऱ्याच्या बदल्यात कारागीर.

गुरुवारी मी इस्त्रीचा सदरा घालून बसलो. कोणी आलं नाही. इंजिनीयर बाईंच्या साहेबांची दुसरीकडे बैठक निघाली होती.

संध्याकाळी तो साखरशेतचा माणूस परत आला. कपड्याला धुळीचा कण नव्हता.

"काम झालं?"

"झालं. मला चढू नाय दिलं."

"का?"

"म्हणाले, पाहुणा हायस, सावलीत बस. जेवू घातलं. परत वाढलं." तो जरा ओशाळला होता. "रोज अर्धा दिला तरी चालंल."

मी त्याला पूर्ण रोज दिला आणि दुसऱ्या दिवशी तडक गाव गाठलं. चुलतभावाला अंगणातूनच विचारलं की माझ्या माणसाला परत का पाठवलं.

"परत कुठं पाठवला? दिवसभर ठेवला, जेवू घातला."

"तुमच्यापैकी कोणापेक्षाही चांगला कारागीर होता तो."

"कारागीर मागितला कोणी? घरचं माणूस यावं लागतं. पोरगा पाठवायचा, सून पाठवायची."

"माझ्या घरात दुसरं माणूस नाही."

हे वाक्य मी आधी कधी कोणापुढे बोललो नव्हतो. भावाची बायको तांदूळ पाखडता पाखडता थांबली.

भाऊ हळू आवाजात म्हणाला, "मंग तूच यायचं होतंस."

"मला काम होतं."

"काम कोणाला नाय?" मग म्हणाला, "असू दे. अजून आठ घरं बाकी हायत. परवा ये एका घरावर, विषय संपला. मंग आम्ही येतो."

इथे मी थांबायला हवं होतं. सौदा माझ्याच बाजूला वळत होता, आणि आयुष्यभर मी असा क्षण ओळखून गप्प बसत आलो होतो. पण मला त्या गुरुवारचा, इस्त्रीच्या सदऱ्याचा, आढ्यावरच्या हसण्याचा, सगळ्याचा राग एकदम आला. मी म्हणालो, "तुमच्यासारखे दहा मी नाक्यावरून उचलून आणीन."

भावाने दोरी उचलली. "आण," म्हणाला.

मी आणले. पण नाक्यावरच्या माणसांना कौल कळत नव्हतं, हे मी वर लिहिलंच आहे. साखरशेतचा तो कारागीर आला नाही. दुसरं काम आहे म्हणाला, माझ्याकडे न बघता. लोखंडी सांगाडा उभा राहिला तो चुकीच्या उताराचा, तो परत कापला. लहानमोठी कौलं एका रांगेत लावली, ती घसरली, पुन्हा उतरवली. मी रोज वर उन्हात उभा राहून ओरडत होतो. एका रविवारी दिवसभरात जे झालं असतं, त्याला पंधरा दिवसांहून जास्त लागले.

पण झालं. इंजिनीयर बाई आल्या, यंत्र रोखलं, आकडा बघितला आणि पुन्हा रोखलं. मग जिना चढून गच्चीवर गेल्या, वाकून कौलांखालून जाणाऱ्या वाऱ्यात हात धरला.

"काका, हे मी आता सगळ्यांना दाखवणार आहे," त्या म्हणाल्या. "इथल्या माणसांनी बसवली ना?"

मी हो म्हणालो.

त्या दुपारी टपालवाल्या बाईंनी आपल्या डोक्यावरचा पंखा स्वतःहून एकवर आणला. कागद उडत होते म्हणे. तिथले एक जुने कारकून खुर्चीत मान टाकून घोरत होते. कार्यालय तसंच राहणार असं मी धरून चाललो. संध्याकाळी कार्यालयाच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. अहवाल चांगला येईल असं त्यांनाही कळलं होतं. पण जागा बदलण्याचा आदेश आदल्या आठवड्यातच सही होऊन निघाला होता.

"रद्द करा," मी म्हटलं. "भाडं कमी करतो."

"भाड्याचा प्रश्न नाही."

"वीजबिल मी भरतो."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला पाणी दिलं. "आठवडाभर आधी अहवाल हातात असता, तर मी तो जोडून वर पाठवला असता. एकदा आदेश निघाला, की माझ्या हातात काही नसतं."

मी तिथे आवाज चढवला. काय बोललो ते लिहीत नाही.

मेच्या शेवटी टेम्पो लागला. कपाटं, खुर्च्या, फायलींचे गठ्ठे जिन्यातून उतरले. टपालवाल्या बाई शेवटी खाली आल्या, हातात झाडाची कुंडी. चाव्या माझ्या गल्ल्यावर ठेवल्या.

"तिकडे कसं आहे?" मी विचारलं.

"थंड आहे. पण तक्रार असली तर अर्ज लिहून पेटीत टाकायचा म्हणे." कुंडी दुसऱ्या हातात घेतली. "नळ गळतोय अजून, काका. वॉशर बदला."

मी दुसऱ्याच दिवशी वॉशर बदलला. आता तो नळ उघडायला कोणी येत नाही.

गावाबद्दल विचाराल, तर माझं म्हणणं आजही तेच आहे. दोन घरांवर मी चढलो होतो. त्या दोन दिवसांच्या बदल्यात दोन माणसं तरी यायला हवी होती. सकाळी हे मला अगदी पटलेलं असतं. दुपारी वरच्या रिकाम्या खोलीत चटई टाकून पडलो की वाटतं, भावाने परवा ये म्हटलं होतं, आणि त्या परवाला जाऊन मी परत आलो असतो तर आठवडाभर आधी सगळं उरकलं असतं. उन्हाळ्यातसुद्धा त्या खोलीत आता पंखा लावावा लागत नाही. शिकवणीवाले एकदा जागा बघून गेले. त्यांनी घासाघीस न करता माझा आकडा मान्य केला. मलाच काय झालं कोण जाणे, मी नाही म्हणून टाकलं. त्यांच्या वर्गाची वेळ सकाळी एकच तास होती.

गेल्या महिन्यात मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस आला. जिन्याखाली वाकून बराच वेळ बघत राहिला.

"काका, वरचं मीटर बंद पडलंय का?"

"चालू आहे."

"मग एवढंच कसं?"

"वापरायला कोणी नाही."

त्याने मोबाइलवर फोटो काढला. "बरंय मग. बचत," म्हणाला, आणि निघाला.

"चहा घेऊन जा."

"नको, अजून अख्खी गल्ली बाकी आहे."

"पाच मिनिटं लागतील."

"काका, खरंच नको."

"तीन मिनिटं. उभ्याउभ्या घे."

तो पायरीवर थांबला, घड्याळ बघितलं. "बरं, तीन," म्हणाला. मी दुकानातल्या स्टोव्हकडे वळलो आणि दूध तापायला मंद आचेवर ठेवलं.